जो दात आला नाही त्याविषयी

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. उपासना आटोपल्यावर आमच्या मंडळीतील एक बाई आपल्या मुलास हाताशी धरून आमच्याकडे आल्या आणि म्हणाल्या, "पाळकसाहेब, ह्याचा वरचा एक दात आला, पण शेजारचा काही केल्या येत नाही. ह्याची आजी म्हणते, दुधाचा दात पडला तो कौलांवर टाकायचा होता, तो अंगणातच हरवला, म्हणून असे झाले." मुलगा आठ वर्षांचा होता. आम्ही त्यास तोंड उघडावयास लावले, पाहिले, हसलो, आणि आजीबाईंच्या समजुतीचे यथास्थित खंडन करून म्हणालो, "बाई, काळजी करू नका. कोणाचा लवकर येतो, कोणाचा उशिरा. येईल."

खंडन योग्य होते. परंतु त्यापुढे आम्ही जे सांगितले ते चुकीचे होते, आणि आमच्या त्या चुकीचे फळ त्या मुलास दोन वर्षे भोगावे लागले. दात आला नाहीच. उलट शेजारचे दोन दात त्या रिकाम्या जागेकडे कलू लागले, आणि मुलगा हसताना तोंडावर हात ठेवू लागला. शेवटी शाळेतील एका शिक्षिकाबाईंनी आग्रह धरला तेव्हा दंतवैद्याकडे जाऊन एक्स-रे काढला. त्यात असे दिसले की, दात आपल्या जागी पूर्ण तयार होऊन बसला आहे, आणि त्याच्या वाटेत सुपारीच्या खांडाएवढा एक निमुळता, जादा दात आडवा पडला आहे. वाट अडवलेली असताना तो येणार कोठून? आम्ही वैद्य नव्हे, आणि ज्या विषयात आपणास गती नाही त्यात धीर देण्याचे आपले काम किती जपून केले पाहिजे हे आम्हांस त्या दिवशी कळले. पुढे ह्या विषयाची आम्ही जी विचारपूस व वाचन केले, त्याचा उपयोग आमच्या खेड्यापाड्यांतील मातापित्यांस व्हावा म्हणून हा पाठ लिहीत आहो.

दात हिरडीतून वर दिसू लागला म्हणजे आपण दात आला असे म्हणतो; पण त्याची उत्पत्ती त्या दिवशीची नसते. गर्भ सहा आठवड्यांचा होतो न होतो तोच त्याच्या जबड्याच्या जागी एक बारीक पट्टी तयार होते, आणि तिजवर वेलीवरील कळ्यांप्रमाणे दातांचे अंकुर धरतात. चौथ्या महिन्याच्या सुमारास दुधाच्या दातांस कठीणपणा येऊ लागतो. जी कायमची पहिली दाढ सहाव्या वर्षी आपल्या दृष्टीस पडते, ती मूल जन्मते त्याच सुमारास आत कठीण होऊ लागलेली असते. म्हणून दातांत जे जन्मजात व्यंग असते त्याचे कारण बहुधा ह्या गुप्त काळातच घडलेले असते. अंकुर धरलाच नाही तर दात कमी होतो. एखादा अधिक धरला तर जादा होतो. दोन अंकुर एकमेकांस चिकटले, किंवा एकच अंकुर दुभंगू लागला, तर जोडदात होतो. आणि अंकुर ठीक असून वरचे कवच नीट बसले नाही तर दात पिवळट, खडबडीत व ठिसूळ निघतो. कौलांवर टाकलेल्या वा न टाकलेल्या दाताचा ह्याच्याशी काडीचाही संबंध नाही. जन्मांध मनुष्याकडे पाहून पाप कोणी केले, असा प्रश्न शिष्यांनी प्रभूस केला होता. तोच प्रश्न आमच्या वाड्यांतून मुलाच्या दाताविषयी आजही कुजबुजला जातो, आणि तो बहुतकरून आईस उद्देशून असतो, हे फार दुःखाचे आहे.

आता ही व्यंगे ओळखावी कशी? ह्या कामातील अर्धा भाग घरच्या घरी होण्याजोगा आहे, आणि तो म्हणजे मोजणे. तीन वर्षांच्या मुलाच्या तोंडात दुधाचे वीस दात असावेत, दहा वर व दहा खाली. सहाव्या वर्षाच्या सुमारास ह्या सर्वांच्या पाठीमागे कायमची पहिली दाढ येते. ती कोणताही दात पडल्यावाचून येते, म्हणून पुष्कळ आया तिला दुधाचीच समजतात व किडू देतात. हे आमच्या विषयाबाहेरचे असले तरी सांगितल्यावाचून राहवत नाही. त्यानंतर खालचे पटाशीचे दात, मग वरचे, अशा क्रमाने बदल होत बारा-तेरा वर्षांपर्यंत अठ्ठावीस दात पुरे होतात. अक्कलदाढा मागाहून, आणि कित्येकांस कधीच येत नाहीत.

मोजताना एक गोष्ट ध्यानात धरावी. दात जोडीने येतात. उजवीकडचा आला म्हणजे डावीकडचा त्याच्या मागोमाग, महिन्या-दोन महिन्यांच्या अंतराने यावयास पाहिजे. एका बाजूचा येऊन सहा महिने लोटले आणि दुसऱ्या बाजूचा आला नाही. किंवा मधला दात आला नसताना त्याच्या पलीकडचा आधी आला. किंवा खालचे पुढचे दात येऊन वर्ष झाले तरी वरचे दोन्ही आले नाहीत. तर वाट पाहणे बंद करून एक्स-रे काढून घ्यावा, असा दंतवैद्यांचा नियम आहे. आम्ही त्या बाईंस "येईल" म्हणून सांगितले तेव्हा त्या मुलाचा पहिला दात येऊन दहा महिने झाले होते. म्हणजे नियम आम्हांस ठाऊक असता तर त्याच रविवारी उत्तर देता आले असते.

वरच्या दोन मधल्या दातांच्या मध्ये उगवणारा अथवा आत दडून बसणारा जादा दात हा ह्या जादा दातांच्या प्रकारांत सर्वांत अधिक आढळणारा आहे, आणि तो मुलींपेक्षा मुलांत अधिक दिसतो. परंतु जादा दातांची गोष्ट एका-दोहोंवर थांबतेच असे नाही. १९१४ किंवा १८१४ सालची नव्हे, २०१४ सालच्या जुलै महिन्यातील हकिकत आहे. बुलढाणा जिल्ह्यातील एका खेड्यातील सतरा वर्षांच्या मुलास त्याच्या पित्याने मुंबईस भायखळ्याच्या जे. जे. रुग्णालयात आणले. त्याचा उजवा जबडा सुमारे दीड वर्ष सुजत चालला होता, आणि गावाकडील वैद्यांस कारण सापडत नव्हते. पित्याच्या मनात कर्करोगाचे भय होते. तेथील दंतविभागाने तपासून सांगितले की ही ओडोन्टोमा नावाची गाठ आहे. जुलैच्या एकविसाव्या दिवशी तिजवर शस्त्रक्रिया झाली व ती कित्येक तास चालली. गाठीचे कठीण कवच साध्या हत्यारास दाद देईना, म्हणून छिन्नी व हातोडी घ्यावी लागली. कवच उघडल्यावर आतून मोत्यांसारखे लहान लहान दात एकामागून एक निघू लागले, ते मोजून दोनशे बत्तीस भरले. त्यांस दात म्हणावे की दातासारख्या कणिका म्हणाव्यात ह्याविषयी वाद घालता येईल, पण त्या मुलाच्या जबड्यास तो वाद सारखाच जड होता. शस्त्रक्रियेनंतर त्याच्या तोंडात त्याचे स्वतःचे अठ्ठावीस दात शाबूत राहिले.

ही हकिकत वर्तमानपत्रांतून जगभर गेली आणि लोकांनी आकड्याचेच आश्चर्य केले. आमचे लक्ष त्या दीड वर्षाकडे जाते. त्या गावच्या वैद्यांस आम्ही दोष देत नाही. बाहेरून पाहणाऱ्यास केवळ सूज दिसते, आणि जे आत आहे ते डोळ्यांस दिसणारे नव्हे. ओडोन्टोमा हा कर्करोग नव्हे. तो शरीरात इतरत्र पसरत नाही, आणि पूर्ण काढला तर सहसा फिरून होत नाही. दात घडविणारे पदार्थ सर्व हजर असून त्यांची रचना मात्र बिघडलेली, असे त्याचे स्वरूप असते. तो बहुधा दुखत नाही. पुष्कळदा त्याची एकच खूण असते, आणि ती म्हणजे जो दात यावयाचा तो आला नाही. सूज मागाहून येते, आणि कधी येतही नाही.

पुढे २०१९ मध्ये चेन्नई येथील सविता दंतमहाविद्यालयात सात वर्षांच्या एका मुलाच्या खालच्या जबड्यातून अशाच प्रकारची गाठ काढली. तिचे वजन सुमारे दोनशे ग्रॅम भरले आणि तीत लहानमोठे पाचशे सव्वीस दात होते. ह्या मुलाची सूज मातापित्यांस तो तीन वर्षांचा असतानाच दिसली होती. परंतु इतक्या लहान वयात मूल तपासू देईना, म्हणून काम राहून गेले. आमच्या मातापित्यांस ह्यात घेण्याजोगी गोष्ट ही की, मूल एकदा रडले म्हणून तपासणी कायमची सोडून देऊ नये. सहा महिन्यांनी पुन्हा न्यावे. एक्स-रेच्या किरणांविषयी भय धरणारे पुष्कळ आहेत. दातांच्या एक्स-रेत किरणांचे प्रमाण फार थोडे असते. विनाकारण तो काढू नये हे खरे, पण कारण असता टाळणे हे अधिक अपायाचे आहे.

आता उलट बाजू पाहू. दात कमी असणे हे जादा असण्याइतके चमत्कारिक दिसत नाही, म्हणून त्याकडे दुर्लक्ष होते. वरच्या मधल्या दातांच्या बाजूचा दात, किंवा खालची दुसरी उपदाढ, ही एखाद्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या नसते, आणि त्यात भिण्यासारखे काही नाही. दुधाचा दात पडत नसेल तर तो ओढून काढण्यापूर्वी खाली दुसरा आहे की नाही हे पाहून घ्यावे, म्हणजे झाले. परंतु सहा किंवा त्याहून अधिक दात कमी असतील तर निराळा विचार करावा लागतो. ह्याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण आमच्याच जुन्या इलाख्यातील आहे. सिंध प्रांत १९३६ पर्यंत मुंबई इलाख्यात मोडत असे. तेथील एका हिंदू कुटुंबाची माहिती चार्ल्स डार्विन ह्यांस मिळाली, व त्यांनी ती पाळीव प्राणी व वनस्पती ह्यांच्या फेरबदलांविषयीच्या आपल्या ग्रंथाच्या १८७५ च्या आवृत्तीत नमूद केली. त्या कुटुंबात चार पिढ्यांत दहा पुरुष असे झाले की, त्यांच्या तोंडात दोन्ही जबड्यांचे मिळून चार दुबळे पुढचे दात व आठ दाढा एवढेच होते. त्यांच्या अंगावर केस विरळ असत, टक्कल लवकर पडे, आणि उन्हाळ्यात त्वचा कोरडी पडून त्यांचे फार हाल होत. मुलींस हे व्यंग होत नसे, पण त्या मुलींच्या पुत्रांत ते उतरे. सिंध हैदराबाद येथील अशाच लोकांविषयी १९२१ मध्ये एक शास्त्रीय लेखही प्रसिद्ध झाला.

दात, केस व घाम आणणारे पिंड ही तिन्ही गर्भाच्या एकाच बाह्य थरापासून निघतात, म्हणून तिन्ही एकदम बिघडतात. ह्या व्यंगास कारण होणारा जननघटक १९९६ मध्ये सापडला, आणि तो आईकडून पुत्राकडे कसा जातो हेही आता स्पष्ट आहे. अशा मुलाचे जे थोडे दात येतात ते सुळ्यासारखे टोकदार असतात. परंतु आम्ही ह्याचा इतका विस्तार करतो तो दातांसाठी नव्हे. ह्या मुलास घाम येत नाही. वसईच्या पूर्वेकडील पाड्यांतून चैत्र-वैशाखात मूल वारंवार तापते, औषधाने ताप उतरत नाही, आणि थंड जागी नेले की आपोआप उतरतो, असे दिसले तर त्याचे तोंड उघडून पाहावे. वर्ष-सव्वा वर्षाचे होऊनही दात नाहीत, केस विरळ आहेत, घाम नाही, ह्या तीन गोष्टी एकत्र दिसल्या तर त्यास उन्हात ठेवू नये, अंगावर ओले फडके ठेवावे, पाणी पाजत राहावे, आणि मुलांच्या वैद्यास लवकर दाखवावे. उष्म्याने अशी मुले दगावतात. येथे दाताने जीव वाचू शकतो असे म्हटले तर ती अतिशयोक्ती नव्हे. दातांची उणीवही भरून काढता येते. तीन-चार वर्षांच्या मुलासही कवळी बसवितात व मूल वाढेल तशी ती बदलतात. त्याच्या आईस मात्र, तुझ्यामुळे झाले, असे कोणी म्हणू नये. तिने काही केलेले नाही; तिला ते तिच्या आईबापांकडून न कळत मिळालेले असते.

जोडदाताविषयी थोडे सांगतो, कारण त्यातही मोजणेच कामास येते. दोन दातांएवढा रुंद, मध्ये खाच असलेला एक दात दिसला तर त्यास एक धरून त्या ओळीतील दात मोजावेत. संख्या पुरी भरली तर एकाच अंकुराने दुभंगण्याचा यत्न केला असे समजावे. एक कमी भरली तर दोन अंकुर एकत्र झाले. जादा दात शेजारच्या दाताशी जुळला असेल तर हा हिशेब चुकतो, म्हणून अखेरचा निर्णय एक्स-रेवर सोपवावा. दुधाच्या दातांत दोन जुळलेले असतील तर त्यांखालचा कायमचा दात पुष्कळदा नसतोच, ह्यासाठी ही गोष्ट लिहून ठेवावी.

पिवळा किंवा डागाळलेला प्रत्येक दात हे दुर्मिळ व्यंग समजू नये. चंद्रपूर, यवतमाळ अशा जिल्ह्यांत पाण्यातील फ्लोराइडने गावेच्या गावे डागाळलेल्या दातांची आहेत. तेथे शेजारच्या मुलांचेही दात तसेच असतात. एकाच घरातील माणसांचे, दुधाचे व कायमचे दोन्ही, सर्वच दात तसे असतील तर तो कवचाचा जन्मदोष होय. आणि दात निळसर-तपकिरी, काचेसारखे दिसत असून मुलाचे हाड थोडक्या धक्क्याने मोडत असेल, तर हाडांचीही तपासणी करावयास पाहिजे.

एक खूण फार थोड्यांस ठाऊक आहे. पाच वर्षांच्या आत, मार लागला नसता, दुधाचा पुढचा दात हलून पडला आणि त्याचे मूळ लांब व शाबूत आहे असे दिसले, तर तो कौलांवर फेकू नये किंवा उंदराच्या बिळात टाकू नये. वेळेवर पडणाऱ्या दुधाच्या दाताचे मूळ झिजून गेलेले असते. मुळासकट पडलेला दात हा हाडांच्या एका दुर्मिळ विकाराची पहिली खूण असू शकतो, व तो विकार रक्त तपासून ओळखता येतो. तो दात कागदात बांधून वैद्याकडे न्यावा. जुन्या चालीस आमचा एरवी विरोध नाही. मुलांस तीत मौज वाटते.

जन्मतःच दात घेऊन आलेल्या बालकाविषयी, व वरचे दात आधी आले तर मामास वाईट, ह्या समजुतीविषयी आम्हांस वारंवार विचारण्यात येते. एका घरात अशा बालकाच्या मामाने सहा महिने बहिणीचा उंबरठा ओलांडला नव्हता, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. मामाचे बरेवाईट भाच्याच्या हिरडीत लिहिलेले नसते. जन्मतः असलेला दात बहुधा जादा नसून दुधाचाच, थोडा उतावळा, खालचा पुढचा दात असतो. म्हणून सुईणीकडून किंवा दोऱ्याने तो उपटू नये. मात्र तो फार हलत असेल तर श्वासनळीत जाण्याचे भय असते, आणि त्याच्या धारेने कधी जिभेखाली जखम होऊन बालक पिईनासे होते. तेव्हा रुग्णालयात दाखवावे.

दाखवावे कोठे, हा प्रश्न आमच्या अर्नाळ्याच्या कोळी बांधवास व पाड्यावरील मजुरास सारखाच अडतो. २०१३ च्या फेब्रुवारीच्या सहाव्या दिवशी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ देशात प्रथम पालघर येथेच झाला. पालघर तेव्हा ठाणे जिल्ह्यात होते. स्वतंत्र जिल्हा पुढल्या वर्षी झाला. ह्या कार्यक्रमात अंगणवाडीतील मुलांची वर्षातून दोनदा व सरकारी शाळांतील मुलांची एकदा तपासणी करण्याची योजना आहे, तीत तोंडही पाहतात. त्या दिवशी मूल घरी ठेवू नये, आणि आपण मोजलेले दात आपणहून सांगावेत, कारण शंभर मुले तपासणाऱ्या वैद्यास न आलेला दात दिसेलच असे नाही. मोठ्या तपासणीसाठी विरार किंवा वसईहून गाडीने मुंबई सेंट्रलास उतरले की नायर रुग्णालयाचे दंतमहाविद्यालय जवळ आहे, आणि सरकारी दंतमहाविद्यालय छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसजवळ आहे. दोन्ही ठिकाणी मुलांच्या दातांचा विभाग निराळा आहे. सकाळची गाडी धरावी. रांग मोठी असते, आणि एक खेप पुरत नाही.

आमच्या मंडळीतील त्या मुलाचा जादा दात गेल्या वर्षी काढला. अडकलेल्या दातास बारीक साखळी चिकटवून तो हळूहळू खाली ओढण्याचे काम चालू आहे, आणि त्यासाठी आई त्यास दर महिन्यास मजुरी बुडवून मुंबईस नेते. दोन वर्षांपूर्वी नेले असते तर वाट मोकळी होताच दात पुष्कळ अंशी आपला आपण उतरला असता, असे तेथील डॉक्टरांनी तिला सांगितले. तिने ते आम्हांस सांगितले तेव्हा तिच्या शब्दांत राग नव्हता. मागल्या रविवारी मुलगा आमच्याजवळ आला, त्याने न सांगता ओठ वर केला, आणि हिरडीच्या कडेस तांदळाच्या कणीएवढे पांढरे टोक दिसले. आजीबाई मागे उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "मोजा आता, पाळकसाहेब."